कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि मनमिळाऊ : दलित आत्मकथनातील कर्ता बाप

१

माझे वडील २०२२ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत जलदानविधीच्या दिवशी शोकसभा झाली. पंचक्रोशीतले लोक आले, मुंबईच्या मंडळाची माणसे रात्रीच्या गाडीने आली. नऊ जण बोलले. नवांपैकी प्रत्येकाच्या तोंडी तीन शब्द होतेच : कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि मनमिळाऊ. शेवटी सूत्रसंचालकाने माझे नाव पुकारले. मी चाळीस वर्षे मराठी शिकवली, दलित साहित्यावर परिसंवादांतून बोललो, दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहिले. आणि माझ्या बापाबद्दल बोलायला उभा राहिल्यावर माझ्याजवळही त्या तीन शब्दांपलीकडे चौथा शब्द नव्हता. दोन मिनिटांत बसलो.

हा मजकूर त्या दोन मिनिटांचे प्रायश्चित्त म्हणून लिहीत नाही. माझ्या वडिलांचे मोठेपण सांगावे असाही हेतू नाही. ते मोठे नव्हते. मला पडलेला प्रश्न वाङ्मयीन आहे. जो माणूस पुढारी झाला नाही, हुतात्मा झाला नाही, दारूत बुडाला नाही, गावात कुणाचा खून झाला तेव्हा साक्षीदार नव्हता, ज्याने फक्त साठ-सत्तर वर्षे काम केले आणि पोरे वाढवली, त्या माणसाला लिहिण्याची भाषा आपल्या साहित्याने घडवली आहे काय? आणि घडवली नसेल तर ती का घडवली नाही?

२

आधी त्या तीन शब्दांकडेच पाहू. शब्द निर्दोष नसतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

'कष्टाळू' हा वर्तमानपत्री मृत्युलेखात गुण म्हणून येतो. ज्याला कष्ट न करताही जगता आले असते आणि तरीही ज्याने केले, त्याचा तो गुण. आमच्या माणसाला हा शब्द लावताना आपण एक गोष्ट विसरतो. कष्ट हा त्याचा स्वभाव असल्याचे कुणी तपासले नव्हते. तो त्याला नेमून दिलेला होता. माझे आजोबा खोताच्या शेतावर वेठीला जात. नांगरणीचे दिवस खोताचे आधी, मग आपले. वेठीवरून उशिरा आले म्हणून स्वतःच्या खाचराची लावणी पावसाबरोबर वाहून गेली, असे एक वर्ष आजी शेवटपर्यंत सांगत असे. १९२९ च्या एप्रिलात चिपळूणला बाबासाहेबांनी या जिल्ह्यातल्या कुळांपुढे खोतीचा प्रश्न मांडला, १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, आणि खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. म्हणजे माझ्या वडिलांचे लहानपण सगळे वेठीच्या सावलीत गेले. अशा घरातल्या माणसाला 'कष्टाळू' म्हणणे हे बैलाला कष्टाळू म्हणण्यासारखे आहे. त्यात कौतुक असेल, पण इतिहास नाही.

'कुटुंबवत्सल' हा शब्द तर अधिकच तपासण्याजोगा आहे. वत्स म्हणजे वासरू. गाईची वासरावरची माया, ती वत्सलता. ज्यांच्या दारी गाय होती त्यांच्या भाषेतला हा शब्द. गाय जिवंत असेपर्यंत तिचे वात्सल्य त्यांचे होते. मेल्यावर तिचे ओझे आमचे होते. पण शब्दाची ही उपरोधिक वंशावळ बाजूला ठेवली तरी एक मुद्दा उरतोच. कुटुंबवत्सल होण्यासाठी माणसाजवळ कुटुंबाला द्यायला काहीतरी असावे लागते : स्वतःचा वेळ, स्वतःची मजुरी, घरी परतण्याची निश्चित वेळ. ज्याला कुठल्याही प्रहरी हाक मारून कामाला जुंपता येते, ज्याच्या श्रमाचा मोबदला उष्ट्या भाकरीत आणि खळ्यावरच्या मातेऱ्यात मोजला जातो, तो बाप मुलांवर माया करू शकतो, पण त्यांच्यासाठी राबू शकत नाही. तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी राबतो.

म्हणून मला असे म्हणावेसे वाटते की आपल्या समाजात कुटुंबवत्सल माणूस ही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हे. ती इतिहासात घडलेली, उशिरा मिळालेली आणि लढून मिळालेली गोष्ट आहे. आपल्या घामाचा पैसा आपल्याच मुलाच्या वहीवर खर्च करणे हा हक्क ज्यांना पिढ्यान् पिढ्या नव्हता, त्यांच्यातला जो पहिला माणूस हा हक्क बजावतो, त्याचे साधे संसारी आयुष्य हीसुद्धा एक सामाजिक घटना असते. आपल्या समीक्षेने ही घटना पुरेशी पाहिलेली नाही. मीही पाहिली नव्हती.

३

आता साहित्याकडे वळू.

दलित कवितेत आई आहे. वामन निंबाळकरांची 'आई', ज्योती लांजेवारांची 'आई' या कविता वाचल्याशिवाय आपल्याकडे कुणी कवितेवर बोलत नाही. बाबूराव बागुलांच्या कथांत ताकदीच्या स्त्रिया आहेत. बापाची कविता मात्र शोधावी लागते. आत्मकथनांत बाप येतो, पण कसा येतो ते पाहण्यासारखे आहे.

दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) बाप मुंबईच्या सुक्या गोदीत कामाला आहे, दारूत खचत जातो आणि मुलगा लहान असतानाच जातो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तर बापाचे असणे हाच आरोप आहे; जन्म देऊन नाव न देणारा सवर्ण पाटील हा तिथला बाप. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) तराळकीच्या कामात पिळून निघणारा बाप आहे. त्याच्याविषयी लेखकाला अपार करुणा आहे, पण तो बाप गावाच्या कामाचा आहे; घरासाठी त्याच्यातले जे उरते ते फार थोडे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणत फिरणारा कैकाडी बाप आहे, आणि तो मुलाला शाळेत घालतो. जमातीची रीत मोडून एका भटक्या माणसाने मुलाला शाळेच्या दारात नेऊन सोडणे, हा त्या पुस्तकातला मला सर्वांत मोठा क्षण वाटतो. पण पुस्तक पुढे मुलाबरोबर निघते. बाप मागे टोपल्या विणत राहतो.

हे का झाले, याची कारणे समजण्यासारखी आहेत. आपले आत्मकथन हे फिर्याद म्हणून जन्माला आले. फिर्यादीत जखम दाखवावी लागते. पिचलेला बाप, व्यसनी बाप, नाकारणारा बाप ही जखम आहे. ती दाखवता येते. जो बाप सकाळी पाळीला गेला, संध्याकाळी परत आला आणि एक तारखेला पगार घेऊन आला, त्याला फिर्यादीत कुठे बसवायचे? तो आपल्या आरोपाला कमजोर करतो अशी धास्ती वाटते. 'बघा, यांचेही बरे चालले होते की!' असे म्हणायला प्रस्थापित वाचक टपलेलाच असतो.

दुसरे कारण आपल्या विचारातले. सत्तरच्या दशकात आम्ही तरुण पोरे वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांनी भारलेली होतो. संसार करणारा, कर्ज फेडणारा, वरिष्ठांना नमस्कार करणारा माणूस आमच्या लेखी विद्रोही नव्हता. त्याला आम्ही 'नोकरदार' म्हणत असू, आणि त्या शब्दात शिवी असे. मी स्वतः माझ्या वडिलांना १९७८ च्या पावसाळ्यात तोंडावर म्हणालो होतो, "तुम्ही जन्मभर मान खाली घालून पाळी केलीत, दुसरं काय केलंत?" नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळत होती, माझे रक्त तापलेले होते, आणि गिरणीतून आलेला बाप चहात पाव बुडवून खात होता. ते मला सहन झाले नाही. ते काही बोलले नाहीत. पाव संपवला आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती.

४

या बाबतीत रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. मराठी माणसाच्या मनातले घर कसे असावे, हे ज्या पुस्तकाने ठरवून टाकले ते 'श्यामची आई' (१९३५) याच जिल्ह्यातले. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्या घरातली गरिबी खरी आहे, आईचे दुःखही खरे आहे. पण ते पडत्या काळातल्या खोताचे घर आहे. त्याच तालुक्यांत, त्याच पावसात, वेठीच्या दुसऱ्या टोकाला जी घरे होती त्यांचे पुस्तक यायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली.

ते पुस्तक माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' (१९७९). राजापूर तालुक्यातले हे गाव. चर्मकार घरातला मुलगा प्राथमिक शिक्षक होतो आणि आपल्याच गावात शिकवायला येतो. पुस्तक रोजनिशीच्या स्वरूपात आहे, आणि हे स्वरूप मला फार अर्थपूर्ण वाटते. आत्मचरित्र मागे वळून पाहते, त्यात शेवट ठाऊक असतो. रोजनिशीला उद्या काय होणार हे माहीत नसते. कर्त्या माणसाचे आयुष्य असेच असते : आज पगार झाला, आज उधारी भागवली, आज घरात भांडण झाले, आज गावाने जात दाखवली. कोंडविलकरांचा शिक्षक संसाराच्या आणि जातीच्या कात्रीत सापडलेला आहे. तो चिडतो, रडकुंडीला येतो, कधी स्वतःच्या माणसांवरही कावतो. या पुस्तकावर बोलताना समीक्षकांनी गावातल्या जातीयतेवर भर दिला, आणि तो योग्यच होता. पण मला आज ते पुस्तक दुसऱ्या कारणासाठी मोलाचे वाटते. महिन्याच्या पगारात दोन-तीन पिढ्यांचे दारिद्र्य मिटवायला निघालेल्या माणसाची ती वही आहे. कुटुंबवत्सलता ही किती थकवणारी गोष्ट असते, हे आपल्या साहित्यात इतक्या उघडपणे फार थोड्यांनी लिहिले. कोंडविलकर २०२० साली गेले.

दुसरे पुस्तक ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३). रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचे हे विश्व. वडील शिक्षक, मुलांनी शिकावे असा त्यांचा आग्रह. लेखिका लहान असतानाच ते जातात. पुढे घर उभे राहते ते आईच्या विणण्यावर. बांबूच्या कामट्यांतून सूप, रोवळी, टोपली काढणारी आई, आणि त्या विणीशी आपल्या लेखनाचे नाते सांगणारी मुलगी. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की घाटावर जे काम बुरूड करतात ते आमच्याकडे आमची माणसे करीत. या पुस्तकाने मला एक धडा दिला, त्याकडे मी पुढे येतो.

५

बापालाच केंद्रस्थानी ठेवणारे, शीर्षकातच बाप असलेले पुस्तक म्हणजे नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३). ओझरहून मुंबईला आलेला, पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेला हा बाप. निवृत्तीनंतर मुलाने आग्रह केल्यावरून त्याने स्वतःच्या आठवणी लिहिल्या आणि त्या या पुस्तकाचा कणा झाल्या. हे पुस्तक का लोकप्रिय झाले, याचे उत्तर सोपे आहे. पहिल्यांदाच हजारो घरांना आपला बाप छापील पानावर दिसला : बोलका, हट्टी, मिस्कील, मुलांना 'जे कराल त्यात वरचा नंबर काढा' अशा धाटणीने बजावणारा. कर्ता दलित बाप ही साहित्याची व्यक्तिरेखा होऊ शकते हे या पुस्तकाने सिद्ध केले. हे श्रेय त्याला निःसंकोच दिले पाहिजे.

परंतु एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. या पुस्तकाचा बाप वाचताना वाचकाला शेवट ठाऊक असतो. मुले मोठ्या पदांवर गेली आहेत. त्यामुळे बापाचा प्रत्येक निर्णय, प्रत्येक ओरडा, प्रत्येक चिमटा त्या यशाकडे जाणारी पायरी होतो. बापाच्या कष्टांची किंमत मुलांच्या पदाने ठरते. मग ज्या बापाने तेवढेच कष्ट केले, तेवढाच धाक ठेवला, आणि ज्याची मुले कारकून झाली, शिपाई झाली, किंवा एक मुलगा क्षयाने गेला आणि एक गावी परतून मासे विकू लागला, त्याच्या आयुष्याचे काय? ते वाया गेले म्हणायचे? यशस्वी मुलाच्या बापाला चरित्र आणि बाकीच्यांना तीन विशेषणे, ही वाटणी आपण कुठून शिकलो?

हा दोष एका पुस्तकाचा नाही. आपण सर्वच तो करतो, अगदी रामजी सकपाळांच्या बाबतीतही. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले, मग साताऱ्याकडे नोकरी धरली, पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या खोलीत आले. पत्नी साताऱ्यात वारली. निवृत्तीवेतनाच्या तुटपुंज्या पैशांत घर चालवायचे, पहाटे मुलाला अभ्यासाला उठवायचे, पुस्तक हवे म्हटल्यावर लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन दागिना मागायचा आणि गहाण टाकून पुस्तक आणायचे. १९१३ च्या २ फेब्रुवारीला ते गेले. हे सगळे आपण आदराने सांगतो, पण कशासाठी सांगतो? बाबासाहेब घडले म्हणून सांगतो. क्षणभर अशी कल्पना करा की तो मुलगा मॅट्रिकला नापास झाला असता. तर पहाटे दोन वाजता उठणाऱ्या त्या म्हाताऱ्या सुभेदाराच्या उठण्याची किंमत कमी झाली असती काय? खुद्द बाबासाहेबांना हे कळत होते असे मला वाटते. रुपयाच्या प्रश्नावरचा आपला १९२३ चा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. चलनाच्या विद्वत्ताप्रचुर ग्रंथाच्या पहिल्या पानावर दागिना गहाण टाकणारा बाप येतो, ही माझ्या मते योग्य जागी केलेली नोंद आहे. पैशाचे शास्त्र त्या घरात फार आधी शिकवले गेले होते.

६

शोकसभेनंतर महिन्याभराने मी वडिलांची पेटी उघडली. त्यात हिशेबाच्या वह्या होत्या. १९५१ पासून १९८२ पर्यंतच्या. मधल्या चार-पाच वाळवीने खाल्लेल्या. वडील चौथी शिकलेले. अक्षर मोठे, आकडे मात्र सुबक. या वह्यांना साहित्य म्हणावे असा माझा दावा नाही. पण साहित्याचा समीक्षक म्हणून त्या मी वाचल्या, आणि वाचण्याच्या माझ्या सवयी मला अपुऱ्या वाटल्या.

वडील १९४८ साली सतराव्या वर्षी रत्नागिरी बंदरातून बोटीने मुंबईला गेले. गावकीच्या खोलीत चौदा माणसे, पाळीप्रमाणे झोपायचे. गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, रिंगखात्यात. 'आपली माणसं तिकडंच' असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांनी पुढे विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते. विणकाम खात्यात धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. म्हणून अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतर विणकऱ्यांना नको होता. त्या खात्यात मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला होता. कायद्याने आणि काळाने पुढे ते दार किलकिले झाले, पण रिंगखात्यात बापामागून मुलगा आणि गावकऱ्यामागून गावकरी भरती होण्याची वहिवाट टिकून राहिली. माझे वडील सहाव्या वर्षापासून आईबापांबरोबर कामट्या विणत होते. घरी विणणारा हात, आणि गिरणीत त्या हाताला विणण्याची बंदी! हे वाक्य माझे आहे. वहीत असे काही नाही. वहीत आहे : 'काम मिळाले', 'काम नाही', 'काम नाही', 'काम मिळाले'. बदली कामगाराची चार वर्षे या दोन ओळींत गेली आहेत.

मग मनीऑर्डर. दर महिन्याला एक ओळ. १९५३ साली २५ रुपये, नंतर ३०, नंतर ४०. जेव्हा काम नव्हते त्या महिन्यांतही मनीऑर्डर आहे, आणि त्याच पानावर कुणाचे तरी 'उसने' आहे. खाणावळीचे पैसे दिसेनासे होतात तेव्हा कळते की त्या आठवड्यात एकवेळच जेवले. वही ते सांगत नाही. दोन आकड्यांमधल्या रिकाम्या जागेत ते वाचावे लागते. समितीची वर्गणी दर महिन्याला आहे. माझ्या पहिल्या पाटीचे पैसे आहेत. बहीण सातवी पास झाली तेव्हा 'पेढे' आहेत. ती फायनलला नापास झाली त्या महिन्यातही 'पेढे' आहेत. त्यावर काय बोलावे मला कळत नाही.

१९५६ च्या ७ डिसेंबरला एकच शब्द आहे : 'खाडा'. त्या दिवशी दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर बाबासाहेबांचा अंत्यविधी झाला. त्यांना नुकतेच कायम केले होते. खाड्याचे पैसे कापले गेले, ते पुढच्या पानावर वजा केलेले आहेत. आणि १९७८ च्या ऑगस्टात, मी त्यांना 'दुसरं काय केलंत?' असे विचारले त्याच्या पुढच्या आठवड्यात : 'मराठवाडा निधी ५ रु.' त्यांनी मला ते कधीच सांगितले नाही. मी विचारले, त्यांनी उत्तर वहीत लिहिले, आणि ते माझ्यापर्यंत पोचायला चव्वेचाळीस वर्षे लागली. यात त्यांचे मौन जबाबदार असेल, पण माझे वाचन अधिक जबाबदार आहे. विद्रोह मोठ्या आवाजातच असतो असे मी धरून चाललो होतो.

शेवटची वही १९८२ ची. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वही मार्चपर्यंत चालते आणि थांबते. एप्रिलात ते गावी आले ते परत गेले नाहीत. त्यांची देणी त्यांना पूर्ण कधी मिळाली नाहीत. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी पुन्हा कोयता हातात घेतला, बांबू फाडला आणि अंगणात विणायला बसले. पुढची चाळीस वर्षे त्यांची सुपे आणि रोवळ्या आमच्या पंचक्रोशीत होत्या. त्याचा हिशेब त्यांनी लिहिला नाही. पगाराचा पैसा लिहायचा असतो, विणण्याचा नाही, असे त्यांना वाटत असावे.

७

येथे 'आयदान'ने दिलेल्या धड्याकडे यायला हवे.

या सगळ्या वह्यांत माझ्या आईचे नाव नाही. 'घर' या सदराखाली मनीऑर्डर जाते, तेवढीच आई. वडील मुंबईत असताना गावी भात लावणारी, नाचणी राखणारी, गवताचा भारा डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजारात जाणारी, रात्री कंदिलाजवळ विणणारी ती होती. तिने मिळवलेला एक पैसाही या हिशेबात नाही. म्हणजे ज्या घराचा जमाखर्च मी इतक्या भक्तीने वाचला, त्यातली अर्धी जमा लिहिलेलीच नाही. वडिलांच्या चाळीस रुपयांत महिना भागत नव्हता. आईच्या टोपल्यांवर भागत होता. आणि शोकसभेत 'कुटुंबवत्सल' हा शब्द फक्त बापाला लावला गेला. आई २००९ साली गेली तेव्हा वक्ते दोनच होते, आणि दोघांनी तिचे वर्णन 'त्यांना मोलाची साथ दिली' असे केले.

म्हणून कर्त्या बापाचे साहित्य हवे असे मी म्हणतो तेव्हा त्याला देव्हाऱ्यात बसवा असे म्हणत नाही. आपल्याकडे एक देव्हारा मोडून दुसरा उभा करण्याची सवय वाढते आहे. बाप घरात हुकूम करीत असे. ताटावर बसल्यावर पाणी हाताशी नसेल तर त्याचा आवाज चढे. गिरणीत खाली गेलेली मान घरात ताठ होई, आणि त्या ताठरपणाचा भार आईने वाहिला. हे लिहिल्याशिवाय त्याचे चित्र खरे होणार नाही. ऊर्मिला पवारांनी स्वतःच्या घराबद्दल, चळवळीतल्या पुरुषांबद्दल जे न लपवता लिहिले, ते या बाबतीत आपल्याला वाट दाखवते. प्रेम आणि हिशेब एकाच वहीत ठेवता येतात.

८

माझे म्हणणे आटोपते घेतो.

वेदना आणि विद्रोह यांनी आपले साहित्य उभे केले, ते ऋण नाकारण्याचा प्रश्नच नाही. घरे अजून जळतात, तोवर फिर्याद चालूच राहिली पाहिजे. पण ज्या पिढीने वेठ टाकून मजुरी धरली, जातीने ठरवलेल्या खात्यात राहून मनीऑर्डरी केल्या, धर्मांतर केले आणि दुसऱ्या दिवशी पाळीला गेली, ती पिढी आता संपत आली आहे. १९५६ साली जे पंचवीस वर्षांचे होते ते आज असलेच तर नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आत्मकथन लिहिलेले नाही, लिहिणारही नव्हते. त्यांनी वह्या लिहिल्या, मनीऑर्डरीच्या पावत्या जपल्या, समितीच्या वर्गणीची पुस्तके ठेवली. आपण शोकसभेत त्यांना तीन विशेषणे देतो आणि घरी येऊन पेटी रद्दीत घालतो.

विद्यार्थी मित्रांना, शिक्षकांना, कार्यकर्त्यांना माझी विनंती साधी आहे. पुढच्या शोकसभेत बोलायला उभे राहाल तेव्हा विशेषण वापरू नका. तो कुठल्या साली कुठल्या बोटीने किंवा गाडीने गेला, कुठल्या खात्यात लागला, त्या खात्यातच का लागला, महिन्याला किती पाठवीत असे, पाठीमागे कोण राबत होते, कुठल्या दिवशी त्याने खाडा केला, एवढेच सांगा. माहीत नसेल तर जिवंत असेतो विचारा. त्यातून कदाचित साहित्य होईल, कदाचित होणार नाही. पण समाजाचा इतिहास नक्की होईल.

वडिलांनी विणलेले शेवटचे सूप माझ्या घरी आहे. ते अर्धवट आहे; काठ बांधायचा राहून गेला. माझ्या मुलीला मी ते दाखवले तेव्हा तिने विचारले, "काठ बांधायचं तुम्हाला येतं का?" मला येत नाही. वाडीत एका म्हाताऱ्या काकींना येते. येत्या सुट्टीत मुलीला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. वहीही बरोबर नेईन.